गमरे बाईंचा चौघांचा वर्ग

आम्रपाली गमरे यांची बदली मंडणगड तालुक्यातल्या ज्या वाडीवर झाली, तिचं नाव सांगून फारसा उपयोग नाही. एसटीच्या कंडक्टरलाही ते दोनदा सांगावं लागतं, आणि सांगितल्यावर तो "म्हणजे फाट्यावर ना?" एवढंच विचारतो. फाट्यापासून पुढे अडीच किलोमीटर चढ आहे. चढ संपला की कातळ लागतो आणि कातळाच्या कडेला जिल्हा परिषदेची शाळा: दोन खोल्या, एक हातपंप आणि भिंतीवर पाणी जपून वापरण्याविषयी एक सुविचार. हातपंपाला फेब्रुवारीनंतर पाणी नसतं, त्यामुळे सुविचार कसोशीने पाळला जातो.

बाई मूळच्या दापोलीकडच्या, वय एक्केचाळीस. नवरा राजापूर डेपोत कंडक्टर. शिक्षकांच्या रीतीप्रमाणे बाई त्याला 'मिस्टर' म्हणत. रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशात मंडणगड वरच्या टोकाला आणि राजापूर खालच्या टोकाला आहे. नवराबायकोत याहून जास्त अंतर पाडायचं तर एकाला जिल्हा सोडावा लागेल. बदलीच्या अर्जात 'पती-पत्नी एकत्रीकरण' नावाचा रकाना असतो. बाईंनी तो तीनदा भरला. तो कुणीतरी वाचतही असावं, कारण तिन्ही वेळा नकार वेळेवर आला. मंडणगडच्या बाजारात त्यांनी एक खोली घेतली होती. संध्याकाळी तिथे परतायचं, भात लावायचा, मिस्टरांना फोन करून भात लावल्याचं सांगायचं. मिस्टरही तिकडे भातच लावत असत.

शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकाची बदली झाली होती आणि जागा रिकामी होती. मुख्याध्यापक, शिक्षक आणि शिपाई ही तिन्ही पदं बाईंकडेच असल्यामुळे कर्मचाऱ्यांत मतभेद नव्हते. मुलं चार. बाई रुजू झाल्या त्या पुढच्या जूनपासून ती अशी वाटली गेली होती: पहिलीत तेजस्वी, दुसरीत शमिका, तिसरीत शुभंकर, चौथीत सानवी. इयत्तेला एकेक मूल असल्यामुळे प्रत्येकाचा पहिला नंबर यायचा, आणि शेवटचाही. कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवण्याविषयीचं पत्र दरवर्षी येत असे. जवळची मोठी शाळा पऱ्याच्या पलीकडे चार किलोमीटरवर होती. पावसात पऱ्या भरून वाहायला लागला की ती तितकीशी जवळ राहत नसे. चाराचे दोन झाले तर ही शाळा राहत नाही, हे बाईंना पहिल्या आठवड्यातच कळलं, आणि त्या कामाला लागल्या.

आधी त्यांनी दुसरी खोली रिकामी केली. तीत मागच्या कुठल्यातरी निवडणुकीचे फलक आणि एक पाय नसलेलं टेबल होतं. आंब्याच्या लाकडी पेट्या आडव्या रचून पुस्तकांची मांडणी केली, तीही अशी की पहिलीतल्या मुलाचा हात वरच्या पुस्तकाला पोचावा. जुन्या साड्यांची बस्करं शिवली आणि प्रत्येकावर दोऱ्याने नाव घातलं. हे काम संध्याकाळी खोलीवर चाले आणि त्याला पावणेदोन महिने लागले, कारण भात शिजायला वेळ लागत नाही आणि मिस्टरांचा फोन चार मिनिटांत संपतो. दारापाशी मुलांच्या उंचीवर एक आरसा लावला. मूल वर्गात शिरताना आधी स्वतःला दिसलं पाहिजे, असं एका प्रशिक्षणात सांगितलं होतं. तीन दिवसांच्या त्या प्रशिक्षणातून अमलात आलेली ती बहुधा तालुक्यातली एकमेव गोष्ट.

समोरच्या भिंतीवर त्यांनी लिहिलं 'आमची माणसं', आणि मुलांना घरच्यांचे फोटो आणायला सांगितले.

इथे वाडीची घडण सांगायला हवी. घरं सत्तावीस, उघडी अकरा. मुलं आजी-आजोबांकडे, आई-बाप मुंबईकडे, म्हणजे प्रत्यक्षात दिवा, विरार, नालासोपारा अशा ठिकाणी. पालकसभेला आज्या येत. रजिस्टरात 'पालक' या शब्दासमोर अंगठा उठवत आणि पाल्याच्या प्रगतीविषयी विचारलं की "देवाच्या दयेनं बरा हाय" असं सांगत. मोबाइलमध्ये फोटो पुष्कळ होते, पण ते मुंबईच्या मोबाइलमध्ये. शमिकाने वडिलांच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणली. शुभंकरनेही तेच केलं. आधारच्या फोटोत कुणीच ओळखू येत नाही. त्याची झेरॉक्स काढली की उरतो तो एक काळा डाग आणि दोन कान. बाईंनी दोन्ही डाग कापले, पुठ्ठ्यावर चिकटवले, भोवती रंगीत कागदाची चौकट केली आणि भिंतीवर टांगले.

शमिका वर्गात बोलत नसे. अजिबात नाही. तीन वर्षांची असताना तिला आजीजवळ ठेवून आई-बाप धाकट्याला घेऊन दिव्याला गेले होते. आजीचं नाव मैना. शाळेची खिचडी तीच शिजवायची. "घरी बोलते की," मैना सांगायची, "कोंबड्यांशी बोलते. मापटंभर बोलते." आधीच्या गुरुजींनी प्रगतिपुस्तकात 'शांत स्वभाव' असं लिहून विषय मिटवला होता. बाईंनी वर्षभर प्रयत्न केले. गाणी, बाहुल्या, एकदा वर्गात खरी कोंबडी. कोंबडी बोलली.

आणि त्या सोमवारी फोटो टांगून झाल्यावर शमिका भिंतीसमोर उभी राहिली, बराच वेळ राहिली, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"ह्यो माझा बाबा नाय."

बाईंनी दोन डागांची अदलाबदल केली होती. तेजस्वीच्या तोंडातली पेन्सिल तशीच राहिली.

"कशावरून?" बाईंनी जमेल तितक्या सहज विचारलं.

"माझ्या बाबाचा कान मोडकाय. ह्यो शुभ्याचा बाबाय."

"माझ्या बाबाचे दोनी कान चांगले हायत," शुभंकरने अभिमानाने दुजोरा दिला.

बाईंनी चूक सुधारली. मग त्यांनी इतर काही चुका मुद्दाम करायला सुरुवात केली. वाघाला चार शिंगं, मार्चनंतर फेब्रुवारी. शमिकाला चुकीचं सहन होत नाही हा शोध लागला होता. दिवाळीपर्यंत ती बाईंना दिवसातून दहा वेळा दुरुस्त करत होती.

बाई घरोघरी जात. गमरे हे आडनाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाडीत एक छोटीशी शांतता झाली होती. त्या शांततेचा बाईंना लहानपणापासून परिचय होता, त्यामुळे त्यांनी ती मोडली नाही, बाजूने निघून गेल्या. पहिल्या वर्षी मैनाच्या घरी चहा पडवीत मिळाला, तोही कान तुटलेल्या कपात. दुसऱ्या वर्षी माजघरात, घरच्या कपात. पडवी आणि माजघर यांच्यात सुमारे चौदा फूट अंतर आहे. बाईंना ते कापायला सव्वा वर्ष लागलं. "आत ये गो बाय, भायेर वारा हाय," असं मैना म्हणाली तेव्हा बाहेर पानही हलत नव्हतं.

पण आज्यांशी जमलं तरी मुलं आज्यांची नव्हती. मूल ठेवायचं की न्यायचं हे मुंबईत ठरायचं. खरं तर वाडीतलं सगळंच मुंबईत ठरायचं. वाडीचं तिथे एक मंडळ होतं. प्रत्येक वाडीचं असतं. ते दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरायचं, आणि देवळाला कुठला रंग द्यायचा, विहिरीवर पत्रा घालायचा की जाळी, हे तिथे बहुमताने मंजूर व्हायचं. वाडीत राहणाऱ्या लोकांना ते नंतर कळवत. मंडळाचे अध्यक्ष महिपत पाष्टे. तेहतीस वर्षं मुंबईत राहून त्यांचं वाडीवरचं प्रेम इतकं वाढलं होतं की तिथे परत येण्याची त्यांना गरज वाटत नसे.

बाईंनी महिपतरावांना फोन केला आणि वर्गाचे फोटो पाठवले. तीन दिवसांनी त्यांना मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेण्यात आलं. वाडीबाहेरची व्यक्ती ग्रुपमध्ये घेण्याची ही पहिलीच वेळ, असं महिपतरावांनी ग्रुपवर लिहिलं आणि खाली पंचवीस जणांनी हात जोडले. तेव्हापासून गुलाबाच्या फुलावरचं शुभ सकाळ आणि कुणाच्या तरी बाराव्याची सूचना यांच्या मधोमध बाईंचा वर्ग दिसू लागला.

शनिवारची गोष्टही त्यातूनच सुरू झाली. शाळेत रेंज नव्हती. वर कातळावर, पाण्याच्या टाकीपाशी, टाकीला टेकून उभं राहिलं तर मिळायची. दर शनिवारी साडेअकराला बाई चौघांना घेऊन वर जात आणि एकेकाच्या आई-बापाला व्हिडिओ कॉल लावत. शमिकाचा बाप दीपक भिवंडीला कुरिअरच्या गोदामात होता. तो डबा खाता खाता ऐकायचा आणि शमिका त्याला पाठ्यपुस्तकातला धडा वाचून दाखवायची. सुरुवातीला दीपक एकटा ऐकायचा. मग शेजारचे दोघं, मग सगळी पाळी. "ए दीपकची पोरगी लागली रे!" असा आवाज यायचा आणि पडद्यावर पोळी चावणारे सात-आठ चेहरे गोळा व्हायचे. शमिका स्वल्पविरामाला थांबायची, पूर्णविरामाला श्वास घ्यायची, आणि कुणी मध्ये बोललं तर "गप ऱ्हावा" म्हणायची. सगळे गप्प राहायचे.

बाईंचा हिशेब साधा होता. मूल गावात नीट शिकतंय हे बापाने डोळ्यांनी पाहिलं, तर तो त्याला हलवणार नाही. हिशेबात चूक दिसत नव्हती. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्यांनी शमिकाच्या वाचनाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: 'आमची शमिका आता कुठल्याही शाळेत, कुणाहीसमोर न घाबरता वाचेल.' पंचेचाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना त्या संध्याकाळी भात जास्तच झाला. जेवणाकडे लक्ष नव्हतं, पुन्हा पुन्हा टाळ्या मोजत बसल्या होत्या. मिस्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं झालं. पण शाळा बंद झाली असती तर समायोजनात राजापूर मिळालं असतं बघ."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?" बाई म्हणाल्या.

"कळतंय," मिस्टर म्हणाले. "म्हणून हळू बोललो."

मे महिन्यात मंडळाची सत्यनारायणाची पूजा असते. मुंबईकर येतात, सत्तावीसच्या सत्तावीस घरं उघडतात, वाडीला एकदम आपण वाडी असल्याचं आठवतं. पूजेच्या मांडवाला लागून व्यासपीठ, आणि त्यावर गुणगौरव समारंभ. त्या वर्षी बाईंना व्यासपीठावर बोलावून शाल आणि नारळ देण्यात आला. महिपतराव माइकवर पाऊण तास बोलले. वाडीचा इतिहास झाला, मंडळाचा झाला, मग ते शमिकाकडे वळले.

"आमच्या या कन्येनं काय वाचन केलं! भिवंडीची माणसं जेवण विसरली! मंडळी, असा हिरा इथं कातळावर पडू द्यायचा? मंडळानं ठराव केलाय. शमिकाला आणि शुभंकरला मुंबईच्या शाळेत घालायचं. प्रवेशाचं मी स्वतः बोललोय. याचं सगळं श्रेय गमरे बाईंना! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. बाईंनीही वाजवल्या. व्यासपीठावर बसलेल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही. मांडीवरचा नारळ तेवढा घरंगळला आणि तो पहिल्या रांगेतल्या कुणीतरी आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपक शाळेत आला. बरोबर शमिका, नवा फ्रॉक घातलेली. दीपकचा कान खरोखरच एका बाजूने मोडलेला होता.

"बाई, दाखला हवा होता."

"बसा दीपकभाऊ." बाईंनी खुर्ची दिली आणि स्वतः बस्करावर बसल्या. काय बोलायचं ते त्यांनी पहाटेपासून ठरवलं होतं. "हिला वर्गात बोलायला वर्ष लागलं. तिथे एका वर्गात साठ-सत्तर मुलं. कुणी लक्ष दिलं नाही तर ही पुन्हा मिटेल. अजून दोन वर्षं राहू दे. चौथी झाली की मी स्वतः सांगेन, न्या."

दीपकने ऐकून घेतलं. मग खिशातून मोबाइल काढला आणि बोटाने बराच वेळ वर सरकवत राहिला. गुलाब गेले, बारावे गेले.

"हे बगा. तुमीच टाकलंवता. 'कुठल्याही शाळेत, कुणाहीसमोर.' मी सुपरवायझरला पण दाखवला."

"ते मी कौतुकाने लिहिलं होतं."

"मंग खोटं हाय?"

"नाही," बाई म्हणाल्या. "खोटं नाही."

"बाई, तुमच्यामुळंच धीर झाला मला. आदी वाटायचा, मुकी पोर हाय, तिथं चिडवतील. म्हणून तर हितं ठेवलीवती."

ही गोष्ट बाईंना ठाऊक नव्हती. शनिवारचे इतके फोन झाले, त्यात हे कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलं नव्हतं. आता त्यांच्याकडे एकच उपाय उरला, आणि त्यात थोडी लबाडी होती. मोठ्या माणसांनी एखादा प्रश्न थेट विचारला की शमिका अजूनही गप्प होते, हे त्या जाणून होत्या. ती गप्प झाली की त्या गप्पपणाचा अर्थ दीपकला सांगायचा, असं त्यांनी ठरवलं.

"आपण तिलाच विचारू," त्या म्हणाल्या. "शमिका, तुला काय वाटतं बाळा?"

शमिकाने बाईंकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग दोन्ही हात मागे बांधले, धडा वाचताना उभी राहायची तशी उभी राहिली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"मला आईकडं जायचंय. बाळ्या रोज आईजवळ झोपतो. मी चार वर्षं झोपले नाय. मला पण झोपायचंय."

कुठेही अडखळली नाही. बाईंनी तिच्याकडून याहून चांगलं वाक्य कधी वदवून घेतलं नव्हतं.

दाखल्याचं पुस्तक पेट्यांच्या मांडणीवर होतं. बाईंनी ते घेतलं आणि वळणदार अक्षरात लिहायला सुरुवात केली. विद्यार्थिनीचे नाव. आईचे नाव. प्रगती: उत्तम. वर्तणूक: उत्तम. शाळा सोडण्याचे कारण: या रकान्यात दीड इंच जागा असते, आणि तीत 'पालकांची विनंती' हे दोन शब्द नेमके बसतात. बाईंनी शिक्का मारला. शुभंकरचा दाखला त्याच्या काकाने दुपारी नेला, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

मैना दारात उभी होती, रिकामी बादली घेऊन. शाळेला सुट्टी होती, खिचडी नव्हती. बादली घेऊन यायचं काही कारण नव्हतं. दीपक आणि शमिका उतरणीला लागेपर्यंत ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

"बाय," मग म्हणाली, "तुमी तिला बोलाया शिकवलात, ता चांगलाच केलात." बादलीची कडी तिने या हातातून त्या हातात घेतली. "पन जरा हळूहळू शिकवायचा व्हता."

जूनमध्ये शाळा उघडली. सानवी पाचवीसाठी पऱ्यापलीकडे गेली. उरली तेजस्वी, कारण तिचा बाप मंडणगडला टेम्पो चालवायचा आणि मंडळाच्या ठरावात त्याचं नाव नव्हतं. नव्याने दाखल होणारं कुणी नव्हतं. शमिकाचं म्हणाल तर ती तिकडच्या वर्गात व्यवस्थित बोलते असं मैनाकडून कळलं. आठवड्याभरात दोन मुलींशी भांडली होती आणि तिथल्या बाईंनाही काहीतरी सुधारून सांगितलं होतं. मैनाने फोन केला तर "आजी, मंग करते, क्लास हाय" म्हणाली. गमरे बाईंना हे ऐकून बरं वाटलं. बरं वाटणं आणि मंडणगडच्या खोलीत बसून राहणं या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात.

शाळा जवळच्या शाळेत मिळवण्याचं पत्र आलं होतं. मुदत सप्टेंबरअखेर. मिस्टर आता हळू बोलत नसत. राजापूरच्या शाळांची नावं वाचून दाखवत, कुठल्या शाळेला घर जवळ पडेल ते सांगत. बाई "हं" म्हणत. तीनदा अर्ज करून जे मिळालं नव्हतं ते आता मिळणार होतं, आणि ते का मिळतंय हे फोनवर चार मिनिटांत सांगता येण्यासारखं नव्हतं.

पण सप्टेंबर लांब होता, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव करायचा असतो. वरून तसा आदेश असतो: नवागतांचं स्वागत, प्रभातफेरी, आणि फेरीचा फोटो त्याच दिवशी पाठवणे. बाईंनी आदल्या दिवशी वर्ग झाडला, चारही बस्करं झटकून उन्हात घातली, दाराला आंब्याचे टहाळे लावले. सकाळी तेजस्वीला फूल दिलं. तेजस्वी दुसरीत गेली होती, म्हणजे नवागत नव्हती, पण आक्षेप घेणारं कुणी नव्हतं. मग दोघी वाडीतून निघाल्या. प्रभातफेरीत एकाने घोषणा द्यायची असते आणि बाकीच्यांनी उत्तर. तेजस्वीने घोषणा दिली, बाईंनी उत्तर दिलं. तिसऱ्या घोषणेला तेजस्वी थांबली.

"बाई, आता तुम्ही म्हणा, मी बाकीचे होते."

तसं केलं.

देवळापाशी बाईंनी फोटो काढून पाठवला. टाकीपर्यंत चढून जावं लागलं. तिथे उभ्या असतानाच उत्तर आलं की फोटोत शिक्षक दिसत नाहीत, पुन्हा पाठवावा. म्हणून त्यांनी खाली येऊन मैनाला हाक मारली. मैनाने पदराला हात पुसले आणि मोबाइल दोन्ही हातांत, भरलेला तांब्या धरावा तसा धरला.

"कुटं दाबायचा?"

"खाली गोल आहे ना, तिथे."

बाई आणि तेजस्वी देवळासमोर उभ्या राहिल्या. मैनाने एक डोळा मिटला.

"हसा की गो बाय. नायतर वरचे म्हनतील, काय झालाय हितं."

बाई हसल्या. फोटोत डाव्या कोपऱ्यात मैनाचा अंगठा आला. बाकी सगळं स्पष्ट होतं: फूल घेतलेली तेजस्वी, हसणाऱ्या बाई, आणि मागे ओळीने पाच घरं, पाचही दारांना कुलूप. बाई पुन्हा टाकीपर्यंत चढून गेल्या आणि तो पाठवला. या वेळी तो लगेच मंजूर झाला.